सिमेंट नवं आलं, पाणी मात्र जुनंच

मराठीत एक गंमत आहे बघा. स्लॅब टाकून झाला की आपण म्हणतो "स्लॅब पडला". "काल आमचा दुसरा स्लॅब पडला" असं माणूस हसत हसत सांगतो, सेंट्रिंगवाल्यांना आणि गवंड्यांना जेवण घालतो, वर जिलेबी वाटतो. पुढं तीस-पस्तीस वर्षांनी तोच स्लॅब खरोखरचा पडतो तेव्हा पेपरात येतं "स्लॅब कोसळला". या दोन पडण्यांच्या मधे काय काय होतं ते बघण्यात माझी अठरा वर्षं गेली. डिप्लोमा सिव्हिल केलं आणि तेव्हापासनं साइटवरच आहे, बहुतेक पुणे-पिंपरी, मधली तीन वर्षं रायगडात, त्यामुळं पुढचं सगळं उन्हात उभं राहून बघितलेलं आहे, थोडा चिडलेला सूर लागला तर समजून घ्या.

निमित्त असं झालं की गावाकडं चुलतभाऊ घर बांधतोय. त्यानं ग्रीन सिमेंटवरचा, म्हणजे कमी कार्बन सोडणाऱ्या सिमेंटवरचा, एक फॉरवर्ड पाठवला आणि खाली लिहिलं, "दादा, आता सिमेंटमधे मातीपण मिसळणार म्हणे, आपण आत्ताच ५३ ग्रेडच्या गोण्या भरून ठेवू का?" त्याला फोनवर अर्धा तास जे बोललो ते सगळं त्याला कळलं असं वाटत नाही. माझं म्हणणं एवढंच होतं की माती मिसळू दे, राख मिसळू दे, त्यानं तुझं घर पडणार नाही. घर पडेल ते पाइपातल्या पाण्यानं आणि आठव्या दिवशी काढलेल्या टेकूनं. सिमेंट कंपन्या फॅक्टरीत जेवढा कार्बन वाचवतायत त्यातला बराचसा आपण साइटवर घालवतोय, आणि सरकारचे सगळे नियम फॅक्टरीच्या गेटपाशी येऊन थांबतात.

आता हे नीट सांगायचं तर आधी सिमेंटच्या पोटात शिरावं लागेल.

सिमेंट म्हणजे मुळात भाजलेला चुनखडीचा दगड. आपल्याकडं चंद्रपूर जिल्ह्यात गडचांदूर, आवारपूर, घुग्घूस, तिकडं यवतमाळात मुकुटबन, या पट्ट्यात चुनखडी आहे म्हणून कारखानेही तिथंच आहेत. दगड आणि थोडी माती दळून भट्टीत जवळपास १४५० डिग्रीपर्यंत तापवतात, त्यातनं सुपारीएवढे काळपट खडे निघतात, त्याला क्लिंकर म्हणतात, आणि क्लिंकर जिप्समबरोबर दळला की सिमेंट. अडचण दगडातच आहे. १०० किलो शुद्ध चुनखडी भाजली की ४४ किलो कार्बन डायऑक्साइड हवेत जातो, हे दहावीच्या केमिस्ट्रीतलं गणित आहे, त्यात कोळसा धरलेलाच नाही. म्हणजे उद्या भट्टी सोलरवर चालवली तरी हा गॅस निघणारच, आणि सिमेंटच्या एकूण कार्बनमधला साधारण साठ टक्के वाटा या दगडाचाच असतो. एक टन क्लिंकर म्हणजे आठशे-साडेआठशे किलो कार्बन डायऑक्साइड धरा. ५३ ग्रेडच्या ५० किलोच्या गोणीत जवळजवळ सगळा क्लिंकरच, मग गोणीमागं ४० किलोच्या आसपास. जगात वर्षाला चारशे कोटी टन सिमेंट बनतं, माणसानं सोडलेल्या कार्बन डायऑक्साइडपैकी सात-आठ टक्के एकट्या सिमेंटचा, आणि बनवण्यात चीनच्या मागं दुसरा नंबर आपला.

याच्यावर उपाय दोन. एकतर चिमणीतला गॅस पकडायचा. नॉर्वेत ब्रेविकला असा कारखाना २०२५ मधे सुरू झाला, वर्षाला चार लाख टन गॅस पकडून समुद्राच्या तळाखाली पुरायचा असं त्यांचं गणित आहे, आणि एवढं करून तो त्या एका कारखान्याचा निम्माच. श्रीमंत देशाचं काम आहे ते, आपल्याकडं कधी येईल तेव्हा येवो. दुसरा उपाय म्हणजे क्लिंकरच कमी घालायचा आणि त्याच्या जागी दुसरं काहीतरी घालायचं. हा आपल्याला नवा नाहीच. पीपीसीच्या गोणीत १५ ते ३५ टक्के फ्लायॲश असते, म्हणजे कोळशाच्या वीज केंद्रातली राख. स्लॅग सिमेंटमधे पोलाद कारखान्यातल्या भट्टीची मळी असते, ती तर ७० टक्क्यांपर्यंत चालते. यात नवा भिडू आला तो एलसी-३. निम्मा क्लिंकर, तीस टक्के भाजलेली माती, पंधरा टक्के कच्चीच दळलेली चुनखडी आणि पाच टक्के जिप्सम. माती भाजायला सातशे-आठशे डिग्री पुरतात, मातीतनं दगडासारखा गॅस निघत नाही, त्यामुळं कार्बन चाळीस टक्क्यांपर्यंत कमी होतो असं सांगतात. स्वित्झर्लंडमधल्या लोझानची संस्था, क्युबातलं एक विद्यापीठ आणि आपल्या दिल्ली-मद्रासच्या आयआयटी, अशा सगळ्यांनी मिळून वर्षानुवर्षं यावर काम केलं, झाशीला याचं एक घरही बांधलं, आणि २०२३ मधे आपल्याकडं त्याचा आयएस १८१८९ हा स्टँडर्ड निघाला. माती मात्र कुठलीही चालत नाही, आपली शेतातली काळी माती तर अजिबात नाही, केओलिनवाली पांढरट माती लागते, जी राजस्थान, गुजरात, केरळच्या चायना क्लेच्या खाणींत आहे.

भावाला "माती" हा शब्द खुपला. राखेचंही तसंच, "राख मिसळून पैसे घेतात" हे वाक्य मी हजार वेळा ऐकलंय. पण आपल्या आज्या-पणज्यांच्या वाड्यांना काय होतं? चुना घाण्यात घालायचा, बैल गोल गोल फिरायचा, आणि चुन्यात सुरखी पडायची. सुरखी म्हणजे भाजलेल्या विटांची पूड. भाजलेली मातीच की ती! चुना एकटा पाण्यात पक्का होत नाही, सुरखी घातली की तिच्यातली सिलिका चुन्याला धरते आणि दगड होतो. सिमेंटमधेही पाणी घातल्यावर चुना सुटतो, तो मोकळा चुना राख किंवा भाजलेली माती धरून ठेवते. तत्त्व तेच, फक्त बैलाच्या जागी कारखाना आलाय. आणि आधुनिक पुरावा पाहिजे तर घाटघरला जा. सह्याद्रीच्या कड्यावर वरचं धरण आणि खाली शहापूर तालुक्यात दुसरं, २५० मेगावॅटचा प्रकल्प, भारतातली पहिली रोलर कॉम्पॅक्टेड काँक्रीटची धरणं, आणि त्यांच्या काँक्रीटमधे सिमेंटपेक्षा फ्लायॲश जास्त घातलेली आहे. राखेवर धरण उभं राहतं आणि आपल्या दोन खोल्यांच्या स्लॅबला राख चालत नाही.

आता माझ्या रागाचा विषय. ५३ ग्रेड.

५३ म्हणजे काय ते बहुतेकांना माहीत नसतं, जास्त आकडा म्हणजे जास्त भारी एवढंच. ५३ म्हणजे ठरलेल्या पद्धतीनं केलेला सिमेंट-वाळूचा ठोकळा २८ दिवसांनी चौरस मिलिमीटरला ५३ न्यूटन भार घेतो. पीपीसीला तोच आकडा किमान ३३ लागतो, प्रत्यक्षात चांगल्या कंपनीचं बरंच जास्त भरतं, आणि २८ दिवसांनंतरही राख सावकाश काम करत राहते. पण गोणीवर ठळक ५३ छापलेलं दिसलं की माणसाला बरं वाटतं. जुन्या काळात एवढं वेगवान सिमेंट नव्हतंच, ५३ ग्रेडचा स्टँडर्ड १९८७ चा. आधीचं सिमेंट जाडसर दळलेलं, हळूहळू ताकद घेणारं, त्यामुळं हवी ती ताकद मिळवायला त्यात पाणी कमी ठेवावं लागायचं आणि सिमेंट बरं घालावं लागायचं. वेगवान बारीक सिमेंट आलं आणि काय झालं, तर पाणी जास्त झालं तरी क्यूब, म्हणजे तपासणीसाठी भरलेला काँक्रीटचा ठोकळा, पास व्हायला लागला! २८ दिवसांचा आकडा आला, बिल निघालं, सगळे खूष. पण काँक्रीट आतनं स्पंजासारखं सच्छिद्र राहिलं त्याचं काय. "जुनं सिमेंट भारी होतं" असं म्हातारे म्हणतात त्यात थोडं तथ्य आहे ते असं, जुनं सिमेंट भारी नव्हतं, ते हळू होतं आणि चूक लपवत नव्हतं. अर्थात तेव्हाही चोरी होतीच. सिमेंट कोट्यावर मिळायचं, देणग्यांच्या बदल्यात कोटा दिल्याचं प्रकरण हायकोर्टात गेलं आणि १९८२ च्या जानेवारीत आपले मुख्यमंत्री अंतुले यांना राजीनामा द्यावा लागला. पण त्या टंचाईत गोणी गोणी मोजली जायची हेही खरं, पाणी आज जसं कोणी मोजत नाही तसं सिमेंटचं नव्हतं.

पाण्याचं गणित डफ अब्रम्स नावाच्या अमेरिकन माणसानं १९१८ सालीच मांडून ठेवलंय, सिमेंटच्या वजनाच्या मानानं पाणी जितकं वाढेल तितकी ताकद उतरेल. एका गोणीला २५ लिटर पाणी म्हणजे ०.५ चं प्रमाण. त्यात फक्त एक दहा लिटरची बादली जास्त गेली की प्रमाण ०.७ वर जातं आणि ताकदीतला तिसरा हिस्सा तरी गेला असं समजा, टिकाऊपणा त्याहून जास्त जातो. आणि पावसाळ्यात वाळूच ओली असते, तिच्यातनंच गोणीमागं चार-पाच लिटर पाणी आपोआप येतं, ते कोण वजा करतंय? कोकणासारख्या खाऱ्या हवेला आयएस ४५६, म्हणजे आपला काँक्रीटचा कोड, म्हणतो पाण्याचं प्रमाण ०.४५ च्या वर नको, काँक्रीट एम-३० च्या (२८ दिवसांनी ३० न्यूटन ताकदीच्या) खाली नको, सळईवर ४५ मिलिमीटर कव्हर, म्हणजे काँक्रीटचा थर, पाहिजे. रायगडात असताना मी किनाऱ्यालगतच्या बंगल्यांचे स्लॅब बघितलेत, कव्हर ब्लॉकच्या जागी खडीचे तुकडे सारलेले आणि माल असा पातळ की सेंट्रिंगच्या फटीतनं रस गळतोय. जे गळतं ते सिमेंट असतं हो, खडी काही गळत नाही.

जास्त पाणी उडून जातं आणि मागं बारीक नळ्या राहतात, त्या नळ्यांतनं हवा आणि खार आत जातो. काँक्रीटमधला चुना सळईला गंजापासून राखत असतो, हवेतल्या कार्बन डायऑक्साइडनं तो हळूहळू संपत जातो, मग सळई गंजते, गंज लोखंडापेक्षा कितीतरी जास्त जागा मागतो, आतनं फुगतो आणि खालनं पोपडा सुटतो. तुमच्या बाथरूमच्या छताला जो गंजका डाग दिसतो ना, तो हाच. मुंबईत बिल्डिंगला तीस वर्षं झाली की स्ट्रक्चरल ऑडिट सक्तीचं आहे. तीस वर्षं! माझ्या आजोळच्या वाड्याला दीडशे वर्षं झाली, तुळई एकदा बदलली. आरसीसीची बिल्डिंग नीट बांधली तर सत्तर-ऐंशी वर्षं काढायला काही हरकत नाही, पण आपण तिला पस्तिसाव्या वर्षी पाडतो आणि त्याच जागी तिप्पट काँक्रीट ओततो. एफएसआयच्या, म्हणजे प्लॉटवर किती बांधता येतं त्याच्या, हिशोबात धडधाकट बिल्डिंगापण पाडल्या जातात हे मला माहीत आहे, सगळा दोष पाण्याच्या माथी मारत नाही. पण सोसायटीच्या मीटिंगला मत फिरतं ते गळक्या, पोपडे सुटलेल्या छतामुळंच फिरतं, बिल्डर येतो त्याच्यानंतर.

म्हणून मी म्हणतो, एलसी-३ नं चाळीस टक्के कार्बन वाचवला आणि बिल्डिंग सत्तरऐवजी पस्तीस वर्षांत पाडली तर हिशोब करा. शंभराच्या जागी साठ, पण दोनदा. एकशेवीस झाले की. साधं ५३ ग्रेड वापरून सत्तर वर्षं टिकवली असती तर शंभरातच भागलं असतं.

आणि यातली खरी मेख पुढं आहे, जी बातम्यांत कोणी लिहीत नाही. भाजलेली माती फार बारीक असते आणि पाणी ओढते. एलसी-३ चा माल त्यामुळं घट्ट वाटतो, लवकर आवळतो, त्यात प्लास्टिसायझर, म्हणजे पाणी न वाढवता माल सैल करणारं रसायन, नीट घालावं लागतं, थोडं जास्तच लागतं. लॅबमधे घालतात, ठीक. साइटवर काय होणार ते मी आत्ता सांगतो. माल घट्ट दिसला की गवंडी म्हणणार, "साहेब, माल पसरत नाही, थोडं पाणी मारू का?" साहेब मोबाईलवर असणार. पाइप मिक्सरमधे जाणार. वरून हे सिमेंट रंगानं थोडं वेगळं असू शकतं, मातीत लोह असेल तर तांबूस झाक येते, कंपन्या ती घालवायच्या मागं आहेत, कारण आपल्याकडं सिमेंट काळपट असलं की "कडक माल" असं समजतात. म्हणजे जे सिमेंट पाण्याच्या बाबतीत सगळ्यात जास्त शिस्त मागतं तेच आपण सगळ्यात बेशिस्त जागी पाठवणार, आणि पाच वर्षांनी छत गळालं की दोष कोणाला, तर मातीला.

आरएमसी, म्हणजे प्लांटवरनं तयार होऊन येणारं काँक्रीट, आल्यानं हे सुटलं असं लोकांना वाटतं. अर्धंच सुटलंय. प्लांटवर कॉम्प्युटरनं वजन होतं हे खरं, पण मग ट्रान्झिट मिक्सर रस्त्यावर निघतो. एका साइटवर, नाव सोडा, दुपारच्या गाड्या ट्रॅफिकमधे अडकून तीन-तीन तासांनी यायच्या. नियम साधारण दोन तासांत माल उतरवायचा असा आहे, रिटार्डर (माल उशिरा आवळावा म्हणून घालतात ते रसायन) असेल तर थोडा जास्त. माल आवळलेला, पंपवाला ओरडतोय की लाइन चोक होईल, ड्रायव्हर खाली उतरून गाडीच्या टाकीतलं पाणी ड्रममधे सोडतोय. मी गाडी परत पाठवली दोनदा. तिसऱ्या वेळेला वरनं फोन आला. तिसरी गाडी उतरली, हे मी लपवत नाही, त्या स्लॅबखालनं आजही गेलो तर मान वर होते.

पण पाणी मोजता येत नाही असं काही नाही. मुंबई महापालिकेनं रस्त्यांचं काँक्रीटीकरण काढलं तेव्हा आयआयटी मुंबईला तपासायला नेमलं, प्लांटवर एकदा आणि साइटवर परत एकदा अशी स्लंप टेस्ट सक्तीची केली, आणि २०२५ मधे काही कंत्राटदारांवर आणि आरएमसी प्लांटवर दंडाची कारवाईपण झाली. स्लंप टेस्ट म्हणजे काय, तीनशे मिलिमीटर उंचीचा पत्र्याचा शंकू, त्यात माल भरायचा, शंकू उचलायचा, माल किती खाली बसला ते पट्टीनं मोजायचं. पाच मिनिटं लागतात, दोन-तीन हजारांची वस्तू. प्लांटवरचा आकडा आणि साइटवरचा आकडा यात साइटवर माल पातळ निघाला की कळलं मधे पाणी गेलंय, मातीच्या तंत्रज्ञानाहून हे तंत्रज्ञान कितीतरी सोपं आहे. त्या रस्त्यांचं बाकी बरंवाईट काय ते मुंबईकर सांगतील, खोदाखोदीनं त्यांचा जीव गेलाय, पण दोन ठिकाणी स्लंप घ्यायची ही एक गोष्ट तिथनं उचलून प्रत्येक सोसायटीच्या बांधकामाला लावावी असं मला वाटतं.

दुसरा आजार क्युरिंगचा, मराठीत पाणी मारणं. गंमत अशी की जिथं पाणी नको तिथं आपण ओततो आणि जिथं पाहिजे तिथं मारत नाही. साध्या ओपीसीला, म्हणजे राख-मळी नसलेल्या ५३ ग्रेडसारख्या सिमेंटला, किमान सात दिवस, राखेच्या सिमेंटला किमान दहा, आणि शक्यतो चौदा दिवस काँक्रीट ओलं ठेवायचं असं कोडमधे स्पष्ट लिहिलंय, कारण राख हळू काम करते आणि काम करायला तिला ओल लागते. ओल नाही मिळाली तर ती राख नुसतीच राख म्हणून आत पडून राहते, आणि मग लोकांचं "भेसळ" हे म्हणणं आपणच खरं करून दाखवतो. स्लॅबला निदान वाफे करून पाणी साठवतात. कॉलमचं काय? कॉलमला गोणपाट गुंडाळून दिवसातनं चार वेळा पाणी मारायचं असतं, प्रत्यक्षात वॉचमनची बायको सकाळी एकदा पाइप फिरवते, तोही तिच्या पोराला शाळेत सोडायच्या आधी, आणि त्याचे तिला वेगळे पैसे कोणी देत नाही. सगळ्यात जास्त भार घेणारा कॉलम सगळ्यात कमी ओला राहतो.

हे असं का होतं ते टेंडरच्या एका ओळीत आहे. सरकारी काँक्रीटच्या आयटमचं वर्णन वाचा, लांबलचक असतं आणि शेवटी येतं, कॉम्पॅक्शन, फिनिशिंग आणि क्युरिंगसह सर्व पूर्ण. "सह" आलं की मेलं. क्युरिंगला स्वतःचा रेट नाही, मोजमाप नाही, मग कंत्राटदारानं चौदा दिवस एक माणूस आणि टँकरचं पाणी का घालावं? नाही घातलं तर तेवढे पैसे वाचले. माझी मागणी अगदी कोरडी आहे, क्युरिंग हा वेगळा आयटम करा, चौरस मीटरला दिवसाला इतके असा रेट द्या, रोज फोटोसकट नोंद घ्या, आणि नोंद नसेल तर पैसे कापा. मराठवाड्यात उन्हाळ्यात प्यायला पाणी नाही आणि तुम्ही स्लॅबवर ओता म्हणता, असं कोणी म्हणेल, बरोबर आहे, मग तिथं क्युरिंग कंपाउंड फवारा, प्लास्टिक अंथरा, त्याचाही रेट लावा. पण "सह" मधे गाडून टाकू नका.

सरकारनं काही केलं नाही असं नाही. सप्टेंबर २०२५ मधे सिमेंटचा जीएसटी २८ वरनं १८ टक्के केला, गोणीमागं पंचवीस-तीस रुपयांचा फरक, घर बांधणाऱ्याला दिलासाच आहे. पण ५३ ग्रेडला १८ आणि पीपीसी, स्लॅग, एलसी-३ लाही १८. एवढी मोठी संधी होती हो, कमी क्लिंकरचं सिमेंट आणखी दोन टक्क्यांनी खाली आणलं असतं तर माझ्या भावानं फॉरवर्ड न वाचताच पीपीसी घेतलं असतं. तसंच कार्बन क्रेडिटच्या योजनेत सिमेंट कारखान्यांना टनामागं किती कार्बन सोडायचा याची टार्गेटं २०२५ च्या ऑक्टोबरात ठरवून दिली, ते चांगलं पाऊल आहे, पण ते माप टनाचं आहे. स्वस्त हिरवं टन बनवलं आणि ते वाया घालवलं तर त्याची नोंद कुठल्याच वहीत नाही. आता देशातली जवळपास निम्मी सिमेंट क्षमता दोन ग्रुपांच्या हातात आहे, गेल्या तीन-चार वर्षांत छोटे कारखाने भराभर विकले गेले, त्यामुळं त्यांनी ठरवलं तर वर्षभरात सिमेंट बदलेल. गवंडी मात्र लाखो आहेत, प्रत्येकाची साइट वेगळी, त्यांच्यासाठी कोणाचं टार्गेट नाही आणि ट्रेनिंगपण नाही, जे शिकले ते उस्तादाकडनं शिकले आणि उस्ताद पातळ मालाचाच होता.

बिल्डर लोकांची बाजूही ऐकायला पाहिजे. ते म्हणतात आमचं मायवानचं काम, ॲल्युमिनियमचे साचे, भिंती आणि स्लॅब एकदमच ओततो, आठवड्याला एक मजला चढवायचा असतो, हळू सिमेंट परवडत नाही, व्याज चढतं. खोटं नाही ते. पण वेग सगळीकडं लागत नाही. फाउंडेशन, राफ्ट (बिल्डिंगखालचा सलग जाड पाया), बेसमेंटचे कॉलम, यांच्यावर पूर्ण भार यायला वर्ष-दीड वर्ष जातं, त्यांची ताकद २८ व्या दिवशीच का तपासायची? ५६ दिवसांवर तपासा, म्हणजे तिथं बिनधास्त जास्त राख, जास्त स्लॅग घालता येईल, वर राफ्टसारख्या जाड कामात उष्णताही कमी होते आणि तडे वाचतात. वरच्या मजल्यांना पाहिजे तर वेगवान वापरा. टेंडरमधे "ओपीसी ५३ च" असं लिहिण्याऐवजी काँक्रीटमधनं खार किती आत जातो त्याची टेस्ट मागा, मग सिमेंट कुठलं घालायचं ते ज्याचं त्यानं ठरवावं. हे विदेशी खूळ वाटत असेल तर पुलांच्या मोठ्या कामांवर ही टेस्ट आपल्याकडंही होते, फक्त माणसं राहतात त्या बिल्डिंगांना नाही. (थ्रीडी प्रिंटिंगबद्दल मला कोणी विचारू नका, बेंगळुरूचं पोस्ट ऑफिस २०२३ मधे ४३ दिवसांत प्रिंट करून बांधलं, कौतुक आहे, पण आपल्या तालुक्याला अजून व्हायब्रेटरची सुई वेळेवर मिळत नाही.)

टेकूंचं राहिलंच. साडेचार मीटरपर्यंतच्या स्लॅबचे टेकू सात दिवस, त्याच्यावर चौदा दिवस, सहा मीटरच्या वरच्या बीमला एकवीस, हे आकडे साध्या ओपीसीला आहेत आणि थंडी नसताना. राखेच्या सिमेंटला ते वाढवायला पाहिजेत. पण सेंट्रिंगवाला भाड्यानं प्लेटा आणतो, त्याला पुढची साइट असते, तो आठव्या दिवशी येऊन उभा राहतो. यात तो वाईट माणूस नाही, त्याच्या प्लेटांचं भाडं रोज चढतं. मालकानं चार दिवसांचं जादा भाडं आधीच बोलून दिलं की तो शांत बसतो, हे मी स्वतः करून बघितलंय, साध्या घराला फार खर्च येत नाही, नव्या टाइल्सच्या एका खोलीएवढाही नाही.

तर भावाला शेवटी मी पीपीसी घ्यायला सांगितलं, एका नामांकित कंपनीचं, महिन्याच्या आतलं पॅकिंग बघून. वीस लिटरचा एक रिकामा कॅन घेऊन त्याच्यावर मार्करनं पाच-पाच लिटरच्या रेघा मारून ठेव म्हटलं, आणि पाइप मिक्सरपासून लांब कुठंतरी बांधून टाक. प्लास्टिसायझरचा डबा दुकानातनं आण, गवंडी पाणी मागेल तेव्हा तो दे, तेही मापानं. सेंट्रिंगवाल्याला चौदा दिवसांचं भाडं आधीच सांग. तो "हो दादा, हो दादा" म्हणत होता. काल रात्री त्याचा मेसेज आला, कॅनचा फोटो, रेघा व्यवस्थित मारलेल्या, आणि खाली लिहिलेलं: "गवंडी म्हणतोय मापानं पाणी घातलं तर दोन माणसं जास्त लागतील, त्यांची हजेरी कोण देणार?"

मी म्हटलं, मी देतो.